केसची तारीख

भगवानरावांनी उभ्या आयुष्यात दोन गोष्टी केल्या नव्हत्या. डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय ते घराबाहेर पडले नव्हते आणि कोर्टाची पायरी चढले नव्हते. दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान होता, आणि तो ऐकवायला रोज कुणी ना कुणी सापडायचंच. मुदखेडपासून जवळच असलेल्या त्यांच्या गावात शेजारच्या गल्लीतल्या एका घरावर सुनेनं केस टाकली होती. सासू, सासरा, दीर, सगळे पोत्यात भरल्यासारखे टमटममध्ये बसून तारखेला जायचे. ते बघितल्यापासून भगवानरावांनी कोर्टाच्या नावाचा धसकाच घेतला होता.

त्यांची स्वतःची सून राजकन्या उदगीरकडची. चार वर्षांत तिच्याबद्दल त्यांची एकही तक्रार नव्हती. स्वैपाक चांगला, बोलणं हळू, आणि सासरा समोर आला की डोक्यावर पदर आलाच. ही पदराची रीत भगवानरावांचीच. घरात दुसऱ्या कुणाचा तसा आग्रह नव्हता, पण यांच्यापुढे बोलणार कोण? त्यामुळे सुनेच्या कपाळाच्या वर काय आहे हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लग्न ठरवताना मात्र तिच्या वडिलांना त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं, "तुमच्या लेकीच्या केसालाबी धक्का लागणार न्हाई."

माणूस वाईट नव्हता. जीभ तेवढी सैल होती. गेल्या वर्षी पुतण्यासाठी इस्लापूरची एक मुलगी बघायला गेले, आणि घरी येऊन भर ओसरीत म्हणाले, "पोरगी बरी हाय, पर डोक्यावर केस कुठंयत? भांगातून बैलगाडी जाईल तिच्या!" सगळे पुरुष खो खो हसले. सोयरीक तिथंच मोडली. चहाचे कप गोळा करायला आलेली राजकन्या तेव्हा दारातच उभी होती, पण सुनेला कान असतात हे भगवानरावांच्या गावी नव्हतं.

तर एका सकाळी ते माळवदावर वाळत घातलेली हळद परतायला चढले, आणि खाली परसात राजकन्या कुणाशी तरी फोनवर बोलताना त्यांना ऐकू आली. आवाज दबका होता, म्हणून त्यांनी कान दिले. मोठ्यानं बोलली असती तर दिले नसते.

"हाव मॅडम, माझा केसपेपर लातूरलाच हाय न्हवं? मंग तारीख मंगळवारचीच द्या... न्हाई न्हाई, घरी फोन करू नका. सासऱ्याला काहीच माहीत न्हाई. त्यांना कळलं तर संपलंच माझं."

आता केसपेपर म्हणजे काय हे भगवानरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. मुदखेडच्या सरकारी दवाखान्यात खोकल्यासाठी त्यांनी स्वतः तो कितीदा काढला होता. पण संशयी कान पूर्ण शब्द कधी ऐकत नाहीत. लातूर, केस, तारीख, सासरा. एवढं त्यांना पुरलं. हातातलं हळकुंड तसंच राहिलं आणि पाठीला घाम सुटला.

त्या दिवसापासून त्यांना घरात सगळं वेगळंच दिसायला लागलं. दोरीवर वाळत घातलेल्या सुनेच्या फिकट पिवळ्या साडीच्या पदरावर रक्ताचे बारीक बारीक ठिपके त्यांना दिसले. धुऊनही गेले नव्हते. कुणी मारलं हिला? वैजनाथनं? तो पोरगा तर झुरळ मारायला बायकोला हाक मारतो. मग हे रक्त आलं कुठून? दुसऱ्या दिवशी ते पाणी प्यायला आत गेले, तर माजघराचं दार लोटलेलं, आणि आत त्यांची बायको रुक्मिणबाई म्हणत होती, "जरा वाकडी हो, उजेडात दिसू दे. मागच्या फोटूत नीट आलं न्हवतं." ते खाकरले. आतली हालचाल थांबली. रुक्मिणबाई बाहेर आल्या आणि विचारलं नसताना म्हणाल्या, "काही न्हाई, असंच."

असंच! चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई 'असंच' म्हणाली की काहीतरी असायचंच.

आणि ते जावळ. राजकन्या महिन्या-दीड महिन्यानं लातूरला जायची. तिचा भाऊ तिथं राहतो, त्याच्या पोराचं जावळ काढायचंय म्हणून मागच्या खेपेला गेली होती. आता पुन्हा मंगळवारी निघाली, आणि कारण विचारलं तर पुन्हा जावळच. भगवानराव मनात म्हणाले, एकाच पोराचं जावळ कितीदा काढतेत हे? पोरगं हाय का मेंढरू?

राहवेना तेव्हा त्यांनी मुलाला गोठ्यात गाठलं. वैजनाथ मुदखेडच्या एका शाळेत कारकून होता. सरळ माणूस. खोटं बोलायला लागला की आधी त्याचे कान लाल व्हायचे.

"वैजू, केसचं मला कळलंय."

वैजनाथच्या हातातली वैरण खाली पडली. "कुणी सांगितलं, दादा?"

"कुणी का सांगंना. खरं हाय का न्हाई?"

"खरं हाय," वैजनाथ खाली बघून म्हणाला. "तुमाला लई भिऊन राहिली ती. म्हणून बोललो न्हाई."

"कव्हापासून चालू हाय?"

"दिवाळीच्या आदीपासून. पैल्यांदा एकाच ठिकाणी होतं. आता तीन ठिकाणी झालंय."

"तीन ठिकाणी!" भगवानरावांच्या डोळ्यांपुढे उदगीर आलं, लातूर आलं, आणि औरंगाबादचं हायकोर्टही आलं. त्यांनी गव्हाणीचा कठडा धरला.

"पर लातूरच्या बाई लई हुशार हायत," वैजनाथ समजूत घातल्यासारखं म्हणाला. "म्हणल्या, वेळेवर आलात, केस अजून हातात हाय. पुढं वाढू देत न्हाई म्हणल्या."

"आन् तू तिच्यासंगं जाऊन राहिलास?"

"बायको हाय माझी. म्या न्हाई जायचं तर कुणी जायचं?"

"तुझ्या मायला माहीत हाय?"

"मायनंच तर पैल्यांदा पाहिलं."

भगवानराव पाठ फिरवून गोठ्याबाहेर पडले. पोरानं शब्दन् शब्द खरा सांगितला होता आणि यांनी शब्दन् शब्द उलटा घेतला होता. वैजनाथ मात्र हलका झाला. म्हातारा ओरडला नाही, म्हणजे पचलं म्हणायचं, असं त्यानं आत जाऊन सांगितलंही. राजकन्याचा विश्वास बसला नाही. "पचलं आसतं तर बोलले आसते," ती म्हणाली.

घरात सल्ला मागायला कुणी उरलं नाही म्हणून भगवानराव रेवणप्पांकडे गेले. हे देगलूरकडचे हळदीचे व्यापारी, मुदखेडला आठवड्यातून एकदा यायचे. भावाशी, भाडेकऱ्याशी आणि एकदा तर स्वतःच्या वकिलाशीही ते कोर्टात भांडले होते. अशा माणसाकडे सल्ला मागायला जाणं म्हणजे सरड्याची धाव कुंपणापर्यंत. तो दुसरं काय सांगणार?

"हौदु, हौदु," रेवणप्पा मान डोलवत कानडीत म्हणाले आणि मग मराठीवर आले. "रगताचे डाग, फोटू, तारीख. भगवानराव, आनखी काय पायजे? मारहाणीचा पुरावा गोळा करून राहिली ती. तुमी झोपेत ऱ्हावा, उद्या नोटीस येती बघा."

"सुनेनं केसानं गळा कापला म्हणा की माझा."

"कापायच्या आदी हात धरा. वकिलाच्या दारातच गाठा, आन् तिथून थेट माहेरी धाडा. घरात पाऊल ठिऊ द्यायचं न्हाई. मंग तिच्या बापालाच येऊन बोलू द्या."

हे भगवानरावांना पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, भ्यालेल्या माणसाला कुणीतरी काय करायचं ते सांगायला हवं असतं, आणि ते रेवणप्पांनी सांगितलं.

मंगळवारी पोरगा आणि सून निघायच्या आधीच त्यांनी नांदेडच्या मोंढ्यात काम आहे म्हणून सांगितलं. रुक्मिणबाई धारा काढत होत्या. तेवढ्यात त्यांनी दोरीवरच्या राजकन्याच्या दोन साड्या ओढल्या आणि खुंटीवरची तिची कापडी पिशवी घेतली. पिशवी तिनं स्वतः रंगीबेरंगी तुकडे जोडून शिवली होती. सुनेच्या साडीला हात लावायचा नसतो हे त्यांना कळत होतं. हात लावताना त्यांनी तोंड दुसरीकडे केलं होतं. अंगावरच्या लुगड्यानिशी धाडली असं उद्या कुणी म्हणायला नको, एवढाच त्यांचा विचार. अन्याय करतानाही माणूस किती रीतीनं करतो बघा.

नांदेडहून लातूरच्या गाडीत ते खिडकीशी बसले आणि अहमदपूर येईपर्यंत एकच वाक्य मनात घोळवत राहिले. 'जा तुझ्या बापाच्या घरी, माझ्या दारात पाय ठिऊ नको.' सुरुवातीला ते जोरात यायचं. पुढं पुढं तिच्या हातचा चहा आठवायला लागला, गेल्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला तेव्हा पदर सावरत रात्रंदिवस मिठाच्या पाण्याच्या घड्या देणारे तिचे हात आठवायला लागले. मग ते स्वतःलाच दटावत. तेच तर, असं गोड वागूनच ठेचतेत मानसाला.

लातूरच्या स्टँडवर ते एका रसवंतीच्या मागं उभे राहिले. पुढच्या गाडीनं दोघं उतरली. राजकन्याचा पदर इथंही डोक्यावर घट्ट. त्यांनी ऑटो केला, यांनीही केला. "त्या म्होरल्याच्या मागं घे," म्हणाले, तर ऑटोवाल्यानं आरशातून त्यांना नीट न्याहाळून घेतलं.

औसा रोडवरच्या एका जुन्या इमारतीपुढं दोघं उतरून जिना चढली. जिन्याच्या तोंडाशी पाट्याच पाट्या. भगवानरावांची नजर त्यांतल्या एकाच पाटीवर गेली. वकील, पहिला मजला. कोर्टाची नसली तरी वकिलाची पायरी चढायची पाळी आलीच.

वकील नव्हते. एक कारकून डबा खात होता.

"माझी सून कुठं हाय?" भगवानराव दारातूनच गरजले.

"कोण सून, बाबा?"

"आत्ताच आलीय. तिची केस हाय तुमच्याकडं."

कारकुनानं त्यांच्याकडे बघितलं आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "बाई आहेत ना? मग वर जा, दुसऱ्या मजल्यावर. कोर्टाची केस इथं, डोक्याची वर. रोज चार जण चुकतात."

डोक्याची केस? भगवानरावांना आणखीच दरदरून घाम फुटला. म्हणजे सून मला वेडा ठरवून राहिली का काय? वेडा सासरा म्हणून लिहून घेतलं की झालं! पिशवी काखेत मारून ते वर चढले.

वर पांढऱ्या भिंतींची खोली होती. बाकावर पाचसहा माणसं बसलेली, त्यांत एक टोपीवाला तरुण, एक शाळकरी मुलगी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आतल्या दाराबाहेर राजकन्याच्या चपला होत्या. टेबलाशी बसलेल्या बाईनं विचारलं, "राजकन्याताईंच्या घरचे का? बरं झालं आलात. ते भाऊ गोळ्या आणायला खाली गेलेत. आत जा लवकर, त्या फार हलतात, कुणीतरी डोकं धरायला पाहिजे."

वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. दार ढकलून ते आत गेले.

राजकन्या एका स्टुलावर दाराकडं पाठ करून बसली होती. पदर खांद्यावर. चार वर्षांत पहिल्यांदा भगवानरावांनी सुनेचं डोकं पाहिलं. मागच्या बाजूला, कानाच्या वर आणि माथ्याजवळ, अशा तीन ठिकाणी केस अजिबात नव्हते. एक चट्टा तर बशीएवढा. कातडी तळहातासारखी गुळगुळीत. चाई! लहानपणी गावात एका पोराला चाई पडली होती, तर किडा चाटतो म्हणून त्याच्याजवळ कुणी बसत नसे. भगवानरावही बसले नव्हते.

डॉक्टरीणबाई हातात बारीक सुई धरून त्या चट्ट्यावर बोटभर अंतरानं टोचत होत्या. सुई शिरली की कातडीवर एक फुगीर टिपका उठायचा, आणि सुई निघाली की तिथं रक्ताचा थेंब यायचा. दोरीवरच्या पदराचे डाग भगवानरावांना तिथंच ओळखता आले.

"आलात का?" मान वर न करता डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धरा डोकं. कानाच्या इथून. घट्ट."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सुनेचं डोकं दोन्ही हातांत धरलं. राजकन्याला वाटलं, नवरा आला.

"लई झोंबून राहिलंय आज," ती म्हणाली. "आन् तुमी आज इतकं घट्ट कामून धरून राहिले?"

भगवानरावांनी पकड थोडी सैल केली.

"अवं, मामाला खरंच कळलंय का हो? मला न्हाई वाटत. कळलं आसतं तर आत्तापर्यंत माझी पिशवी भरून माहेरी धाडलं आसतं." सुई टोचली, ती कळवळली, आणि पुन्हा बोलायला लागली. वेदना झाली की माणूस बोलत सुटतो. "त्या इस्लापूरच्या पोरीच्या भांगातून बैलगाडी घातली त्यांनी. माझ्या डोक्यातून तर ट्रॅक्टर जाईल. त्या दिवशी घरी फणी फिरवली तर हा एवढा पुंजका आला हातात. वाटलं, आता माझीबी सोयरीक मोडली."

भगवानरावांचं तयार केलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. त्यांना एवढंच वाटत होतं की ही सुई चालू राहावी आणि या पोरीनं मागं वळून बघू नये.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कापूस दाबला. "छान लव येतेय की इथं. घाबरायचं नाही. हा काही एकाचा दुसऱ्याला लागणारा आजार नाही."

राजकन्या वळली. क्षणभर तिला काही समजलंच नाही. मग तिचा हात झटकन पदराकडे गेला, कापूस खाली पडला, आणि पदर डोक्यावर आला. त्यावर दोन लाल ठिपके उमटले.

"मामा?"

दारात गोळ्यांचा पुडा घेऊन वैजनाथ उभा होता. भगवानरावांना कुणाकडं बघावं कळेना. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "मला वाटलं कोर्टाची केस हाय. तुजी. आमच्यावर."

आधी डॉक्टरीणबाई हसल्या. मग वैजनाथ हसला, गोठ्यातलं सगळं बोलणं आठवून त्याला हसू आवरेना. "तीन ठिकाणी!" तो म्हणाला. पदराआड राजकन्याही हसली, आणि हसता हसता तिची नजर खाली गेली. स्टुलाशेजारी तिची पिशवी होती.

तिनं ती उचलून उघडली. वरची साडी अजून दमट होती.

"ह्या कामून आणल्या, मामा?"

फॉल लावायला आणल्या, असं म्हणता आलं असतं. ते खोटं भगवानरावांच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण सकाळपासून या पोरीबद्दल त्यांनी जे जे मनात आणलं होतं, त्यानंतर आणखी एक खोटं काढायला त्यांना तोंड राहिलं नव्हतं. वैजनाथचं हसणं थांबलं.

"कोर्टाच्या केसपायी," ते कसेबसे म्हणाले. "ह्या केसांपायी न्हाई, माय."

"ह्या केसांपायी धाडलं नसतं?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण भगवानरावांना ती बैलगाडी आठवली, ओसरीतलं हसणं आठवलं, लहानपणचं ते चाई पडलेलं पोरगं आठवलं. "न्हाई" त्यांनी म्हटलं, पण उशिरा म्हटलं. तोवर राजकन्यानं साड्यांची घडी नीट करून पिशवीचे बंद बांधलेही होते.

परत येताना त्यांनी पिशवी घ्यायला हात पुढं केला, तर ती म्हणाली, "राहू द्या मामा, माझीच हाय." घरी आल्यावर तिनं ती माजघराच्या दाराशी खुंटीला टांगली. तशीच, भरलेली. भगवानराव चहाला बसायचे तिथून ती बरोबर समोर दिसायची.

त्यानंतर भगवानराव बदलले, हे कुणालाही कबूल करावं लागेल. रेवणप्पांशी त्यांनी बोलणं टाकलं. पुतण्याला पुन्हा इस्लापूरला घेऊन जायचं काढलं, तर त्या मुलीचं कधीच लग्न झालं होतं. सुनेच्या पुढच्या खेपेला ते स्वतः बरोबर गेले आणि इंजेक्शन होईपर्यंत डोकं धरून उभे राहिले, या खेपेला रुमाल काढून खिशात ठेवून. रुमालाखाली त्यांचंही डोकं अगदी साफ होतं, हे राजकन्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "घरात पदर न्हाई घेतला तरी चालंल आता," असंही त्यांनी सांगून टाकलं. ती "बरं" म्हणाली आणि पदर घेत राहिली.

चट्ट्यांवर आधी पांढरी लव आली, मग ती काळी व्हायला लागली. रुक्मिणबाई उजेडात बसून रोज बघायच्या आणि नवऱ्याला खबर द्यायच्या. सगळं ठीक चाललं होतं. फक्त ती पिशवी खुंटीवरून हलत नव्हती. रोज सकाळी भगवानराव उठले की आधी पिशवी आहे का बघायचे, मग चूळ भरायचे. सून कधी उठून ती घेईल आणि निघेल, याचा काही नेम नाही असं त्यांना वाटे. पूर्वी ती त्यांना भ्यायची, आता ते तिला भीत होते.

शेवटी एका सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी धीर करून म्हटलं, "राजकन्या, आता तर केस आले की समदे. ती पिशवी तेवढी रिकामी कर, माय."

तिनं कप त्यांच्यापुढं ठेवला.

"डॉक्टरनं अजून तारीख दिलीय, मामा. केस चालू हाय न्हवं," ती म्हणाली. "निकाल लागू द्या."

हे ती हसत म्हणाली की कसं, ते पदरामुळं भगवानरावांना दिसलं नाही.